पेंटर बोलवायचा की पंधरवड्याला फलक बदलायचा? पहिली-दुसरीचा वर्ग, हाताशी 3000 रुपये

पाटीपेन्सिल

मे महिना आला की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पेंटर बोलवा, भिंती बोलक्या करून टाका." समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान 30 पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला, बाकीच्यात वीजबिल, खडू-डस्टर, नळ, कड्याकोयंडे. भिंतींच्या वाट्याला फार तर 3000 उरतात. ते ऑइलपेंटच्या आगगाडीत घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

डब्याडब्यांतून अ ते ज्ञ लिहिलेली आगगाडी मूल जूनमध्ये बघतं, जुलैत ती पाठ होते, पोळ्यापर्यंत ती त्याला दिसेनाशी होते. शिवाय एकदा रंगवलेलं बदलता येत नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि त्यावरून महाराष्ट्रभर वाद झाला. कागदी तक्ता असेल तर शेजारी एक पट्टी लावून भागतं. ऑइलपेंट असेल तर पुन्हा पेंटर.

त्याऐवजी 4 × 3 फुटांचे चार फलक करा. फ्रिज किंवा कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा दोन थरांत घ्या. पहिल्या थराच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. दोन्ही एकाच दिशेला ठेवल्या तर फलक महिन्याभरात वाकतो. जोड एकावर एक येऊ देऊ नका. चिकटवायला पांढरा फेविकॉल, दोन भागांना एक भाग पाणी. पुढून खाकी कागद लावला तर मागूनही लावायचाच, कारण ओला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. सपाट जमिनीवर ठेवून वर पुस्तकांचे गठ्ठे, पूर्ण 24 तास.

वरून जुनी सुती साडी. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच लांब, पन्हा 44-46 इंच. चारी बाजूंनी 2 इंच दुमड धरून एका फलकाला 52 × 40 इंच लागतं. एका साडीत बरोबर चार फलक बसतात. काठ कापून टाकू नका, तीच किनार होते. रंग फिका आणि एकरंगी हवा. बुट्ट्यांच्या साडीवर मुलांचं काम हरवतं. कागदापेक्षा कापड बरं, कारण टाचणीची भोकं त्यात दिसत नाहीत आणि दिवाळीच्या सुट्टीत ते धुता येतं.

गेरूचुना

कागदावर सगळं छान आहे. आता हिशेब वेळेचा मांडा. शाळा द्विशिक्षकी, वर्ग चार. चार फलक पंधरवड्याला बदलायचे म्हणजे जुनं उतरवणं, नवं आखणं, लिहिणं, लावणं. फलकामागे तासभर धरला तरी महिन्याला आठ तास. ते कुठून काढायचे? ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराची नोंद ठेवायची, त्यातून उरलेल्या वेळात पुठ्ठे कापायचे. ऑगस्टमध्ये लावलेला 15 ऑगस्टचा फलक संक्रांतीपर्यंत तसाच, असं चित्र यातूनच तयार होतं. न बदललेला 'बदलता' फलक रंगवलेल्या भिंतीपेक्षा वाईट: शिळा तर असतोच, वर फाटकाही.

दुसरं, कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैअखेर पुठ्ठ्याचा पापड होतो. कसर लागते, खोक्याच्या नळ्यांत झुरळं घर करतात, आणि भिंतीत वाळवी असेल तर तिला आयतं जेवण.

ऑइलपेंट वाईट नाही, घाईत मारलेला ऑइलपेंट वाईट. पोपडे का येतात? भिंतीत ओल असते, वरून रंगाचा थर तिला बाहेर पडू देत नाही, मग फुगे येतात. रंगवण्याआधी फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी मारून भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर त्या भिंतीला हात लावू नका, आधी छताची गळती बघा. भिंत कोरडी असेल तर जुना चुना पत्र्याने पूर्ण खरवडा, कारण चुन्यावर मारलेला रंग चुन्यासकट सुटतो. मग प्रायमर, खड्ड्यांत पुट्टी, घासकागद, आणि रंगाचे दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. 20 × 4 फुटांच्या पट्ट्याला दोन हातांत दीड ते दोन लिटर रंग जातो. हे नीट केलं तर पाचसहा पावसाळे बघायला नको.

सदाफुली

तुम्ही दोघंही 'कशाने' यावर भांडताय. 'कुठे' हे कोणीच बोलत नाही.

पहिलीतलं मूल उभं असताना त्याचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. सतरंजीवर बसलं की दोन फुटांच्याही खाली. आणि बहुतेक वर्गांत तक्ते कुठे असतात? खिडकीच्या वर, सहा-सात फुटांवर. ते मुलांसाठी नसतात, तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी असतात. फलकाची खालची कड दीड फुटावर आणि वरची साडेचारवर ठेवा. मुलाचा हात तिथवर पोचतो. हात पोचत नाही तो फलक त्याचा नव्हे.

दुसरं, फळ्याच्या दोन्ही बाजूंना काहीही लावू नका. 2014 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांना काही धडे सजवलेल्या खोलीत आणि काही जवळजवळ रिकाम्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत सुमारे 39 टक्के वेळ मुलांचं लक्ष धड्याबाहेर होतं, रिकाम्या खोलीत 28 टक्के. धड्यावरच्या प्रश्नांत 42 विरुद्ध 55 टक्के गुण. म्हणजे 'जितकं जास्त तितकं छान' हा झेंडूच्या तोरणाचा नियम आहे, वर्गाचा नाही.

पाटीपेन्सिल

सदाफुली, उंचीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी लिहायला हवा होता. पण तो प्रयोग अर्धाच सांगितलात. मुलं फक्त 24 होती, धडे सहा, आणि भिंतींवरच्या बहुतेक चित्रांचा धड्याशी संबंध नव्हता. त्यातून 'असंबद्ध चित्रं लक्ष खातात' एवढंच निघतं. फक्त मुलांचं स्वतःचं काम लावलं तर काय होतं, हे त्या प्रयोगात वेगळं तपासलेलं नाही. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाने 2015 मध्ये 153 वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा सल्ला भिंतीचा 20 ते 50 टक्के भाग मोकळा ठेवण्याचा आहे. सगळी भिंत कोरी ठेवा, असा नाही.

गेरूचुना, ओलीवर उपाय आहे. फलकाच्या मागे चारी कोपऱ्यांत आणि मध्ये बाटलीची झाकणं चिकटवा. भिंत आणि फलक यांत अर्धा इंच हवा खेळते, भिंतीचा ओलावा पुठ्ठ्यात उतरत नाही. पुठ्ठ्याच्या उघड्या कडा कागदी पट्टीने बंद केल्या की झुरळांची वाट बंद. मैद्याची खळ मात्र टाळाच. कसर आणि उंदीर दोघांनाही ती आवडते, आणि तिला कीड लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालायचे, ते विषारी आहे. लहान मुलांच्या वर्गात नकोच.

आणि वेळेचं म्हणाल तर फलक शिक्षकाने बदलायचाच कशाला? जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं जमवा, गावात वाण नाही. 7 × 5 इंचांच्या आसपासची पाकिटं 48 × 36 इंचांच्या फलकावर आडवी सहा, खाली पाच, बरोबर 30 बसतात. डिंकाने चिकटवू नका, सुईदोऱ्याने साडीला टाचा. प्रत्येकावर एका मुलाचं नाव. ए-फोर कागदाचा चौथा भाग आत उभा राहतो आणि वर थोडा डोकावतो. शनिवारी मूल स्वतः जुनं काढतं, नवं घालतं. शिक्षकाचे कष्ट शून्य, टाचणी शून्य.

शिरोरेघ

यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग अक्षरांचा. बाजारातले छापील तक्ते घेताना आधी 'ल' आणि 'श' बघा. हिंदीसाठी छापलेला तक्ता मराठी म्हणून सर्रास खपवला जातो; त्यात ल दंडाचा असतो, श वेगळ्या वळणाचा असतो आणि 'ळ' बहुधा गायबच. पाठ्यपुस्तकात पाकळीचा ल आणि भिंतीवर दुसरा, अशा गोंधळात पहिलीतलं मूल दोन वेगळी अक्षरं समजतं. मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवणारा शासन निर्णय 2009 मध्येच निघाला आणि 2022 मध्ये अद्ययावत झाला, त्याप्रमाणे हातानेच लिहा.

आकार: दहा फुटांवरून सहज वाचायला इंचभर अक्षर लागतं. वर्ग 18-20 फूट लांब असेल तर शेवटच्या रांगेसाठी शिरोरेघेखालचं अंग 2 इंच. पण देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार लागतो, म्हणून वर एक, खाली एक सोडून एका ओळीला 4 इंच धरा. 36 इंच उंचीत शीर्षकासकट फार तर नऊ ओळी. आपण वीस कोंबतो, मग 'कू' आणि 'कु' मागून सारखेच दिसतात. शाई गडद निळी किंवा काळी. लाल शाई उन्हात सगळ्यात आधी उडते, आणि हिरव्यावर लाल काही मुलांना दिसतच नाही.

'शब्दभिंत' हा प्रकार इंग्रजी शाळांकडून जसाच्या तसा उचलला जातो, त्यालाही माझा विरोध आहे. इंग्रजीत स्पेलिंग बेभरवशाचं, म्हणून नेहमीचे शब्द डोळ्यांनी पाठ करावे लागतात. मराठीत तशी गरज फारशी नाही. इथं मूल अडतं ते जोडाक्षरात आणि सामान्यरूपात. 'घोडा' वाचणारं मूल 'घोड्याला'पाशी थबकतं. म्हणून भिंतीवर जोड्या लावा: घोडा–घोड्याने, शाळा–शाळेत, फूल–फुलाचा, पाणी–पाण्यात. 'फूल'चा दीर्घ ऊ 'फुलाचा'त ऱ्हस्व होतो, हे नियम न सांगताही रोज नजरेसमोर राहतं. आठवड्याला अशा चार जोड्या पुरेत.

गेरूचुना

शिरोरेघ यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. लग्नपत्रिकांची पाकिटंही मान्य, पण 'कष्ट शून्य' हे जरा जास्त झालं. 30 कागद कापणं, कोणाचं रिकामं राहिलं ते बघणं, फाटलेलं पाकीट पुन्हा शिवणं, हे शिक्षकाकडेच येतं. आणि जूनमध्ये नवी मुलं आली की सगळी नावं नव्याने. (नाव पाकिटावर लिहूच नका, चिठ्ठी लावा.)

आगगाडी मीही सोडून देतो. पण 3000 रुपये असतील तर माझी पहिली पसंती अजूनही रंगालाच: दीड फुटापासून साडेतीन फुटांपर्यंत, दोन भिंतींवर सलग काळा पट्टा. मुलांचे खालचे फळे. 20 फुटी भिंतीवर दीड दीड फुटाची उभी पांढरी रेघ मारली तर तेरा मुलांना आपापला चौकोन मिळतो, दोन भिंतींवर सव्वीस. हा फलक दिवसातून चारदा बदलतो, तोही ओल्या फडक्याने. पृष्ठभाग मात्र गुळगुळीत हवा. खडबडीत सिमेंटवर खडू झिजतो आणि अक्षर तुटतं. म्हणून इथं पुट्टीत कंजुषी नको.

सदाफुली

खालचे फळे चांगलेच, पण त्यावरचं काम संध्याकाळी पुसलं जातं. महिन्यापूर्वी आपण कसं लिहीत होतो, हे मुलाला आणि पालकांना दाखवायला कागद लागतोच. त्यासाठी पट्ट्याच्या वर, साडेचार फुटांवर, 12 फुटांची बारीक तार ओढा. सुतळी सैल पडते, नायलॉन झोळ खातो. 21 सेंटिमीटर रुंदीचे ए-फोर कागद थोड्या फटी सोडून पंधरा बसतात. 30 मुलांना दोन तारा. कपड्यांचे लाकडी चिमटे, वर तारीख. तार पंख्याच्या झोतात किंवा विजेच्या बोर्डाजवळ नको.

टाचण्या तर नकोतच, चपला दाराबाहेर असतात. थर्माकोलही नको, 2018 च्या राज्याच्या अधिसूचनेनंतर सजावटीसाठी त्यावर बंदी आहे, तरी स्नेहसंमेलन आलं की कुठून ना कुठून उगवतोच. पत्र्याच्या वर्गात चिकटपट्टीही मेमध्ये वितळते आणि तपकिरी डाग सोडते.

पाटीपेन्सिल

म्हणजे गेरूचुना, खालच्या फळ्यांनी दोन भिंती गेल्या. तिसरी फळ्याची, तिथे सदाफुली काही लावू देत नाहीत. उरली दाराची भिंत, त्यात दार आणि कपाट. माझ्या चार फलकांपैकी तिथे दोन बसतात. दोनवर मी तयार आहे: एक पाकिटांचा, एक शिरोरेघ यांच्या जोड्यांचा. पण मग 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि 28 चा विज्ञान दिन कुठे लावायचे ते सांगा.

गेरूचुना

व्हरांड्यात. तिथली भिंत कोरडी आहे का, ते आधी प्लॅस्टिक लावून बघा.