मुंबईकरांचे शिक्षण मोजताना पदवीची शाखाही विचारावी का?

चर्चाप्रस्ताव : निवृत्त मुख्याध्यापक, दादर

२०११ च्या जनगणनेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांचा साक्षरता दर नव्वद टक्क्यांच्या आसपास होता, आणि तो आकडा आजही अभिमानाने सांगितला जातो. वस्तुतः त्यावरून एवढेच कळते की सात वर्षे व त्यावरील वयाच्या इतक्या लोकांना कोणत्या तरी भाषेत समजून वाचता-लिहिता येते. पंचविशी ते साठी या वयातील, म्हणजे हे शहर प्रत्यक्ष चालवणारी माणसे किती आणि कशाचे शिक्षण घेऊन कामाला लागली, हे त्यावरून मुळीच कळत नाही. जनगणना शिक्षणाचा स्तर विचारते, हे खरे. परंतु पदवीधरांच्या तक्त्यांत अभियांत्रिकी, वैद्यक, अध्यापन वेगळे दाखवले जातात आणि कला, वाणिज्य, विज्ञान मात्र बिगरतांत्रिक म्हणून एकाच रकान्यात जातात. ज्या शहरात १९१३ साली सिडनहॅम हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय निघाले आणि जेथे अकरावीला आजही सर्वाधिक ओढा वाणिज्यकडेच असतो, तेथे बी.कॉम. झालेले किती आणि बी.ए. झालेले किती हे सांगता येऊ नये, ही मोठी उणीव आहे. २०१७ पासून होणारी नियतकालिक श्रमशक्ती पाहणी, म्हणजे सरकारची रोजगारविषयक पाहणी, नमुन्यावर आधारलेली असल्याने वॉर्डापर्यंत पोहोचत नाही. म्हणून माझा आग्रह असा की शाखेचा प्रश्न जनगणनेतच असावा आणि त्याची उत्तरे वॉर्डनिहाय प्रसिद्ध व्हावीत. रात्र महाविद्यालय कोठे हवे आणि आयटीआयच्या जागा कोठे वाढवाव्यात, हे त्याशिवाय ठरवणार कसे?

प्रतिसाद : विद्युत ठेकेदार, कांदिवली

सर, आपला हेतू चांगला आहे, पण मला हा प्रस्ताव मान्य नाही. माझ्याकडे एक कारागीर आहे, शिक्षण नववी. पावसाळ्यात जुन्या इमारतीच्या मीटर खोलीत ओल शिरली की कोणत्या मजल्याच्या वायरमधून वीज गळते आहे, हे तो मेगर (वायरचे आवरण शाबूत आहे का ते तपासणारे उपकरण) लावून, एकेक सर्किट वेगळे करून शोधून काढतो आणि रहिवाशांना पुरवठा कधी सुरू करायचा हेही तोच सांगतो. आपल्या तक्त्यात तो ‘माध्यमिकपेक्षा कमी’ या रकान्यात जाईल, आणि ज्याला बँकेच्या पासबुकाशी कीर्द जुळवता येत नाही असा पदवीधर त्याच्या कितीतरी वर दिसेल. अशा मोजणीतून पदवीचाच मान वाढतो. त्यापेक्षा माणसाला काम कोणते येते ते विचारा.

प्रतिसाद : वाणिज्य शाखेच्या प्राध्यापिका, परळ

आपल्या कारागिराविषयी मला आदर आहे, पण त्याचेच उदाहरण आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. वायरमनच्या परवान्यासाठी प्रमाणपत्र किंवा परीक्षा लागते; ते नसल्यामुळे हा माणूस उद्या स्वतःच्या नावावर काम घेऊ शकणार नाही. असे किती जण आहेत, हे कळले तरच त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग मागता येतील. ‘काम येते, मग कागद कशाला’ असे ज्याच्याकडे परवाना आहे त्याने म्हणणे मला पटत नाही.

शाखेविषयीही थोडे सविस्तर लिहिते. मुंबईत मुले वाणिज्यकडे का वळतात, याचे उत्तर बाजारपेठेत जितके आहे तितकेच महाविद्यालयाच्या वेळापत्रकातही आहे. वाणिज्यची व्याख्याने बहुतेक ठिकाणी सकाळी सातच्या सुमारास सुरू होऊन अकराच्या आत संपतात, प्रयोगशाळा नसते आणि फी त्या मानाने कमी असते. त्यामुळे मुलगा दुपारी एखाद्या सी.ए.च्या कार्यालयात किंवा कपड्यांच्या दुकानात उभा राहू शकतो. विज्ञान शाखेत दुपारची प्रात्यक्षिके असतात, तेथे नोकरी करणाऱ्याचा निभाव लागत नाही. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील असंख्य घरांची मिळकत कायमची गेली. त्या घरांतल्या मुलांनी बी.कॉम. आवडीने निवडले असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण १९७१ पासून चालू आहे, आणि त्यातही नोकरी सांभाळून शिकणारी प्रौढ माणसे मोठ्या संख्येने आली. एका माणसाने विशीत पदवी घेतली आणि दुसऱ्याने चाळिशीत, दोघेही तक्त्यात ‘पदवीधर’. म्हणून मी तर शाखेबरोबर पदवीचे वर्षही विचारावे असे म्हणेन.

प्रतिसाद : प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या, गोवंडी

मॅडमशी मी बरीचशी सहमत आहे, पण वॉर्डनिहाय प्रसिद्धीला माझा ठाम विरोध आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग, म्हणजे महापालिकेचा आमचा वॉर्ड, सर्वांत खाली होता. त्यावर लेख पुष्कळ आले, परंतु वस्तीचे नाव सांगितले की नोकरी देणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी शंका उमटते ती मात्र आमच्या मुलांच्या वाट्याला राहिली. शिवाय आमच्याकडे दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेल्या बायका आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून पदवी घेऊन आलेले आणि येथे शिवणकामाच्या कारखान्यात बसलेले तरुण आहेत. पदवी असून त्यांना तसे काम मिळत नाही, तर शाखा मोजून काय साधणार?

प्रस्तावकाचे उत्तर

बाई, नेमके तेच साधायचे आहे. शिवणयंत्रावर बसलेला पदवीधर आज सरकारी तक्त्यात एका ठिकाणी पदवीधर आणि दुसऱ्या ठिकाणी कामगार म्हणून दिसतो. शाखा आणि व्यवसाय एकाच तक्त्यात आल्याखेरीज त्याच्यावरील अन्याय आकड्यांत उमटणार नाही. वस्तीला लागणाऱ्या डागाची भीती खरी आहे. त्यासाठी आकडे छापताना वॉर्डाखाली, म्हणजे वस्तीपर्यंत, जाऊ नये, एवढी मर्यादा मी मान्य करीन. ठेकेदारसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे हातातले काम आणि परवाना यांचाही रकाना असावा, पण तो शाखेच्या जोडीला हवा, शाखेच्या जागी नको.

प्रतिसाद : विद्युत ठेकेदार, कांदिवली

जोडीला म्हणून जे येते ते फॉर्म लांबला की आधी कापले जाते. कामाचा रकाना पहिला असेल तर माझा विरोध नाही; तोपर्यंत आहे.

प्रतिसाद : प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या, गोवंडी

वॉर्डाची मर्यादा मला पुरेशी वाटत नाही, कारण आमच्या बाबतीत वॉर्ड म्हणजेच वस्ती असे लोक धरून चालतात. आणखी एक गोष्ट येथे कोणीच मांडलेली नाही. प्रगणक दारात येतो तेव्हा बहुधा घरातला पुरुष उत्तर देतो, आणि सुनेचे शिक्षण विचारले की ‘बारावी असेल’ असे सांगून मोकळा होतो. ती आत असते आणि तिची पदवी माहेरच्या ट्रंकेत असते. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. शाखेचा रकाना येवो अथवा न येवो, बाईचे शिक्षण बाईलाच विचारावे, अशी सक्त सूचना प्रगणकांना त्याआधी मिळाली पाहिजे.