४ ओहम एकसर, पुढे ६ आणि १२ ओहम समांतर: धारांची बेरीज जुळत नाहीये

प्रश्न:
१२ व्होल्टची बॅटरी, तिला ४ ओहमचा रोध एकसर, त्याच्यापुढे ६ आणि १२ ओहमचे रोध एकमेकांना समांतर. १/६ + १/१२ केलं, ०.२५ आलं. ते ४ मध्ये मिळवून परिणामी रोध ४.२५ ओहम, धारा २.८२ अँपिअर. पण ६ ओहममधून १२ ÷ ६ = २ आणि १२ ओहममधून १, म्हणजे एकूण ३ येतात. काल रात्रीपासून तीनदा केलं. कुठे चुकतंय?

उत्तर १:
बेरीज ताडून पाहिलीस हे फार चांगलं केलंस, नाहीतर ४.२५ तसंच वहीत राहिलं असतं.

०.२५ हा रोध नाही, रोधाचा व्यस्त आहे. उलटा केला की ४ ओहम. दोनच रोध समांतर असतील तर उत्तर लहान रोधाहून कमी येतं, पण त्याच्या निम्म्याखाली कधीच जात नाही. इथे ते ३ आणि ६ च्या मध्येच हवं. एवढं मनात असतं तर ०.२५ बघताक्षणी खटकलं असतं.

खरा घोळ पुढे आहे. १२ व्होल्ट हे सगळ्या परिपथाला मिळून आहेत, ६ ओहमच्या टोकांना नाहीत! एकूण रोध ४ + ४ = ८, धारा १.५ अँपिअर. ती ४ ओहममधून जाताना ४ × १.५ = ६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. उरलेले ६ व्होल्ट दोन्ही समांतर रोधांना सारखेच मिळतात: एकात १ अँपिअर, दुसऱ्यात ०.५. बेरीज १.५.

आता १२ ओहमचा रोध काढून टाक आणि ६ ओहममधली धारा पुन्हा काढ.

उत्तर २:
मी मुलांना आकृतीतल्या तारा रंगवायला लावते. रोध ओलांडेपर्यंत एकच रंग, ओलांडला की नवा. ज्या रोधांच्या टोकांना तेच दोन रंग, ते समांतर, मग आकृती कितीही वाकडी असो. आणि समांतर रोधांचं ‘गुणाकार भागिले बेरीज’ हे सूत्र फक्त दोन रोधांना लावा. ६-६-६ ला लावलंत तर २१६ ÷ १८ = १२ येतं. खरं उत्तर २ ओहम.

प्रश्नकर्ता:
काढून पाहिला. एकूण १० ओहम, धारा १.२. म्हणजे ६ ओहममधली धारा १ वरून वाढली? मला वाटायचं, समांतर जोडणीत एक काढला तरी दुसऱ्याला फरक पडत नाही.

उत्तर १:
दोन्ही थेट बॅटरीला जोडलेले असतील तर नाही पडत. इथे वाटेत ४ ओहम बसलाय. एकूण धारा १.५ ची १.२ झाली, त्यामुळे त्याच्यावर ६ ऐवजी ४.८ व्होल्टच गेले आणि ६ ओहमच्या वाट्याला ७.२ आले. ७.२ ÷ ६ करून बघ.