शो बंद पडला म्हणजे पडलाच का? (जिप्सी, ऑड्रा आणि साडेएकोणीस मिलियन)

तिसरी_घंटा:
काल एका ग्रुपवर एक पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. लिहिणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं की ब्रॉडवेवरच्या (म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या) ऑड्रा मॅकडॉनल्डच्या 'जिप्सी' या म्युझिकलची तिकिटं ५ ऑक्टोबरपर्यंत विक्रीला होती, पण जिप्सीने १७ ऑगस्ट २०२५ लाच गाशा गुंडाळला, म्हणजे समीक्षकांनी डोक्यावर घेतलेलं प्रेक्षकांनी आपटलं, माल चांगला असता तर खपला असता. खाली अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं म्हणून इथे लिहितेय, इथे झालं तरी घरातल्या घरात.

अहो आपटलं म्हणजे काय? १९ डिसेंबर २०२४ ला ओपन झालं, त्याआधी २८ प्रिव्ह्यू (उद्घाटनाआधीचे प्रयोग), नंतर २६९ प्रयोग, तेही मॅजेस्टिक थिएटरमध्ये, जिथे 'फँटम ऑफ द ऑपेरा' पस्तीस वर्षं मुक्कामाला होता आणि सोळाशेच्या वर खुर्च्या आहेत. आपल्याकडे एखाद्या नाटकाने आठ महिन्यांत २६९ प्रयोग केले तर निर्माता पेढे वाटेल. तिथे बंद, कारण उभं करायलाच १९.५ मिलियन डॉलरपर्यंत भांडवल लागलेलं. जरा भागाकार करा. चौतीसेक आठवड्यांत ते वसूल करायचं तर दर आठवड्याला सगळा खर्च जाऊन पावणेसहा लाख डॉलर हातात उरायला हवेत. खर्च जाऊन, म्हणजे थिएटरचं भाडं, पिटात बसलेले २६ वादक, नट, स्टेजहँड, जाहिरात, रॉयल्टी हे सगळं देऊन झाल्यावर. मी मार्चमध्ये पाहिलं, ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) संपल्यावर पडदा वर जायच्या आतच लोक ओरडत होते. हे आपटलेलं नाटक असतं का? हा हिशोबाचा पराभव आहे, नाटकाचा नाही, आणि त्या साहेबांना या दोन गोष्टींतला फरक कळत नसेल तर निदान चांगलं-वाईट ठरवायला जाऊ नये.

मेझानिनवाला:
सगळं मान्य करायच्या मूडमध्ये होतो पण ते शेवटचं वाक्य वाचून थांबलो. हिशोब कुणी केला होता ताई? प्रेक्षकांनी? साडेएकोणीस मिलियन लावायला निर्मात्यांना कुणी गळ घातली होती? आम्ही चौघं, जर्सी सिटीत राहतो, म्हणजे नदी ओलांडली की थिएटर, तरी वर्षात एकदा जातो कारण चार बऱ्या सीट, पाथ ट्रेन, पार्किंग, मुलांचं खाणं धरून आठवड्याचा पगार उडतो. टीकेटीएसच्या (सवलतीच्या तिकीट-खिडकीच्या) लाल पायऱ्यांखाली थंडीत उभं राहून अर्ध्या किमतीत घेतलेलं तिकीटही आता अर्ध्या किमतीचं वाटत नाही. समीक्षकांना तिकीट फुकट मिळतं, त्यांचं डोक्यावर घेणं स्वस्तातलं असतं.

आणि जिप्सी किती वेळा करायची? १९५९ ला एथेल मर्मन, मग १९७४ अँजेला लॅन्सबरी, १९८९ टाइन डेली, २००३ बर्नाडेट पीटर्स, २००८ पॅटी लुपोन, आता ही. ज्याला बघायची होती त्याने बघितलेली आहे.

खर्डेघाशी:
लुपोनचीही मार्च २००९ पर्यंत चालायची होती, जानेवारीतच उतरली. तिला आणि सोबतच्या बेनांटीला, गेन्सला, तिघांना टोनी (ब्रॉडवेचं सगळ्यात मोठं बक्षीस) मिळूनसुद्धा. तेव्हा मंदी होती हे खरं, त्या जानेवारीत हेअरस्प्रे, स्पॅमलॉट, स्प्रिंग अवेकनिंग सगळ्यांनी एका महिन्यात सामान बांधलं. पण बक्षीस मिळालं की शो वाचतो हे तेव्हाही खोटं होतं.

सुरेल_बेसूर:
हिशोब हिशोब काय लावलंय, मुद्दा आवाजाचा आहे आणि तो कुणी बोलत नाहीये कारण बोलला की लगेच दुसराच अर्थ काढतात. रोझ, म्हणजे जिप्सीतल्या आईची मुख्य भूमिका, लिहिली मर्मनच्या गळ्यासाठी, तुतारीसारखा आवाज, माइक नसताना शेवटच्या रांगेत पोचणारा. ऑड्रा ज्युलियार्ड या कलाविद्यालयाची, सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीचा ऑपेराच्या धाटणीचा आवाज. वरच्या पट्टीत ती हेड व्हॉइसमध्ये, म्हणजे हलक्या पातळ आवाजात जाते. अभिनय महान, अंगावर काटा, पण रोझचे पैसे द्यायचे आणि ऐकायचं लिरिकल सोप्रानो? माझ्यासारखे दोन-चार हजार चक्रम असतील ज्यांनी याच कारणाने दुसऱ्यांदा तिकीट काढलं नाही. पुन्हा पुन्हा येणारा प्रेक्षक गेला की शो गेला.

तिसरी_घंटा:
दोन-चार हजार चक्रम म्हणजे मॅजेस्टिकचे दोन प्रयोग. त्याने शो बंद पडत नाही हो. आणि ब्रॉडवेचा जवळपास दोन तृतीयांश प्रेक्षक शहराबाहेरचा असतो, तो हेड व्हॉइस ऐकायला येत नाही, तो हॉटेलमधून निघताना ठरवतो की लायन किंग की विकेड. २०२५ मध्ये बाहेरचा पर्यटकही कमी झाला, कॅनडावाले तर रागावूनच बसले होते. त्या गर्दीत एक जिप्सी नावाचं जवळजवळ तीन तासांचं, आईच्या महत्त्वाकांक्षेचं जुनं नाटक कोण निवडणार?

मेझानिनवाला:
म्हणजे शेवटी प्रेक्षकांनी निवडलं नाही. तेच तर ते साहेब म्हणत होते 😄

एडिसनची_मावशी:
तुमचं चालू द्या पण मला एक सांगायचंय. माझ्या मते हे सगळं एका माणसाच्या नावावर तिकीट विकण्यामुळे होतं. दोन वर्षांपूर्वी (जिप्सी नाही, दुसरा शो, नाव घेत नाही) माझ्या भाच्याने पुण्याहून आलेल्या त्याच्या आईवडिलांसाठी हौसेने तिकिटं काढली, एकेक दोनशेच्या वर, का तर ती बाई टीव्हीवर दिसते म्हणून. आत गेलो, प्लेबिल (तिथे वाटतात ती माहितीपुस्तिका) उघडलं तर त्यातून एक चिठ्ठी पडली, आजच्या प्रयोगात ही भूमिका अमुक करील. अमुक कोण? कुणाला माहीत नाही. वहिनी म्हणाल्या, एवढे पैसे देऊन बदली? आणि बॉक्स ऑफिसवर गेलो तर खिडकीतला पोरगा म्हणतो आता तुम्ही आत जाऊन आलात. चिठ्ठी आत ठेवायची आणि मग म्हणायचं आत का गेलात!

लष्करच्या_भाकऱ्या:
मावशी, त्यांचा रिवाज असा की नटाचं नाव नाटकाच्या शीर्षकाच्या वर छापलेलं असेल तरच पैसे परत किंवा तारीख बदलून. खाली असेल तर नाही. लॉबीत बोर्डही लावतात. पण पडदा उघडायच्या आधी जायचं असतं.

एडिसनची_मावशी:
शीर्षकाच्या वर की खाली हे मी का बघायचं? पोस्टरवर तिचा चेहरा चार फुटांचा होता.

पिटातला_उंदीर:
मावशींबद्दल आदर ठेवून सांगतो, या 'बदली' शब्दामागची तुच्छता मला सहन होत नाही. मी स्वतः पुण्यात वर्षानुवर्षं हौशी नाटकात बदली नट म्हणून राहिलोय, सगळ्यांचं सगळं पाठ, आणि एकदाही लागलो नाही तरी प्रत्येक तालमीला हजर. ब्रॉडवेवरचे स्विंग, म्हणजे अनेक भूमिकांचे बदली नट, आठ-आठ दहा-दहा ट्रॅक (भूमिका) डोक्यात घेऊन फिरतात, दुपारी तीनला फोन आला की रात्री आठला स्टेजवर. १९५४ मध्ये पजामा गेमला कॅरल हेनीचा घोटा दुखावला म्हणून शर्ली मॅक्लेन उभी राहिली आणि तिथून थेट हॉलिवूडला गेली. त्या रात्री कुणी रिफंड मागितला असेल त्याला आज काय वाटत असेल?

एडिसनची_मावशी:
बाळा, ती मुलगी वाईट नव्हती. फार गोड गायली. वहिनी तर रडल्या. मी पैशांबद्दल बोलतेय.

मेझानिनवाला:
पिटातला_उंदीर, भावना कळली, पण प्रेक्षकाने दोनशे डॉलर संस्कार म्हणून द्यायचे का? हॅलो डॉलीच्या वेळी (२०१७) त्यांनी सरळ सांगितलं होतं, मंगळवारी बेट मिडलर नाही, डॉना मर्फी आहे. ज्याला परवडेल त्याने तसं घ्यावं. स्वच्छ व्यवहार. चिठ्ठीचा खेळ कशाला?

पिटातला_उंदीर:
कारण आजारपण मंगळवार बघून येत नाही! आठवड्याला आठ प्रयोग गाऊन दाखवा एकदा. एक तरी. एकाच आठवड्यात आवाज बसेल आणि मग तुम्हीच म्हणाल आमच्या चिठ्ठ्या छापा.

मेझानिनवाला:
मी कशाला गाऊ, मी तिकीट काढलंय. तुम्हाला कधी लावलं नाही याचा राग माझ्यावर का?

पिटातला_उंदीर:
हे वैयक्तिक होतंय. बास.

लष्करच्या_भाकऱ्या:
दोघंही शांत व्हा बघू. आपल्याकडच्या संगीत नाटकाचं बघा, बालगंधर्वांची कंपनी ऐन भरात कर्जात बुडाली होती, शालू खरे भरजरी, अत्तर खरं, प्रेक्षक पहाटेपर्यंत वन्समोअर घेत बसलेले. म्हणून त्यांना प्रेक्षकांनी नाकारलं असं कुणी म्हटलं का?

सुरेल_बेसूर:
प्रत्येक धाग्यात बालगंधर्व आणायलाच हवेत का.

लष्करच्या_भाकऱ्या:
हो.

खर्डेघाशी:
मावशींच्या मुद्द्यात सोनं आहे आणि तुम्ही ते चिठ्ठीत गुंडाळून टाकलंत. फनी गर्ल आठवा, २०२२. मुख्य भूमिकेत बीनी फेल्डस्टीन असताना परीक्षणं थंड. सप्टेंबरात लिआ मिशेल आली, तिकिटं उडाली, आणि शोने लावलेले पैसे परत मिळवले. म्हणजे परीक्षण वाईट आणि पैसे वसूल. जिप्सी, परीक्षण उत्तम आणि पैसे बुडाले. एकाच प्रकारचा शो, एकाच बाईच्या खांद्यावर उभा. ऑड्राच्या जागी कोण आणणार होते? सहा टोनीवालीच्या जागी कुणीही आणलं तरी तो उतारच. कॅबरेने तेच करून पाहिलं, मुख्य भूमिकेत आधी रेडमेन, मग अॅडम लॅम्बर्ट, ऑरव्हिल पेक, बिली पोर्टर. ते १९ ऑक्टोबरला संपणार होतं, पोर्टर आजारी पडला आणि २१ सप्टेंबरलाच मिटवलं.

आणि जिप्सीला ८ जून २०२५ च्या टोनीत पाच नामांकनांपैकी एकही लागलं नाही. अभिनेत्रीचं निकोल शर्झिंगरला, रिव्हायव्हलचं (जुनं नाटक नव्याने उभं केल्याचं) 'सनसेट बुलेव्हार्ड'ला. तशी १९६० मध्ये पहिल्या जिप्सीलाही भोपळाच मिळाला होता आणि ती ७०२ प्रयोग चालली, पण तेव्हा खर्च एवढा नव्हता.

तिसरी_घंटा:
सनसेटचं नाव काढलंत बरं झालं. रिकामा रंगमंच, कॅमेरे, काळे कपडे, टोनी मिळाला, तरी २० जुलैला तेही संपलं. स्मॅश, डेड आउटलॉ, रियल विमेन हॅव कर्व्हज, सगळे जूनमध्येच गेले. आणि त्याच २०२४-२५ सीझनचा ब्रॉडवेचा एकूण गल्ला १.८९ अब्ज डॉलर, तोवरचा सगळ्यात मोठा. गर्दी कुठे होती? डेन्झेल वॉशिंग्टनच्या ऑथेल्लोला आणि जॉर्ज क्लूनीच्या नाटकाला. ऑथेल्लोचं वरचं तिकीट ९२१ डॉलर. मेझानिनवाला, तुम्ही म्हणता महाग म्हणून लोक येत नाहीत, तर मग हे कोण लोक होते?

मेझानिनवाला:
ते लोक क्लूनीला बघायला आले होते, नाटकाला नाही. आणि ते मी नव्हतो एवढं नक्की.

खर्डेघाशी:
गद्य नाटकाला वादक नाहीत, नाच नाही, नटसंच छोटा. ऑथेल्लोचं भांडवल नऊ मिलियनच्या आसपास. म्युझिकलची गोष्टच वेगळी. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिलं होतं की गेल्या सीझनच्या अठरा व्यावसायिक म्युझिकलपैकी तोपर्यंत एकानेही नफा मिळवलेला नाही. अठरापैकी शून्य. मग सगळ्यांचाच आवाज चुकीचा होता का, सुरेल_बेसूर?

सुरेल_बेसूर:
बऱ्याच जणांचा होता, हो. विनोद सोडा. वादक कमी करा असं सुचवत असाल तर मी इथून उठतो. २००३ मध्ये त्यासाठीच संप झाला होता, चार दिवस ब्रॉडवेची म्युझिकल बंद, आणि मोठ्या थिएटरांतली किमान संख्या चोविसाच्या घरातून अठराच्या घरात आली. आता पुढे काय, की-बोर्ड आणि बटण? त्या २६ जणांसाठीच मी एकदा का होईना गेलो होतो.

खर्डेघाशी:
शिकागो बघा. १९९६ पासून रिव्हायव्हल चालू आहे. बँड स्टेजवरच, सेट जवळजवळ नाहीच, काळे कपडे, दर काही महिन्यांनी कुणीतरी टीव्हीवरचा चेहरा. म्हातारं झालंय पण जिवंत आहे.

तिसरी_घंटा:
आणि ते तुम्ही कधी दुसऱ्यांदा बघाल का?

खर्डेघाशी:
नाही. पहिल्यांदाही झोपलो होतो. पण आज रात्रीही ते लागलंय.

लष्करच्या_भाकऱ्या:
रॅगटाइमचं कुणी बोलत कसं नाही? २००९ चं रिव्हायव्हल वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरहून आलं, मोठा नटसंच, मोठा वाद्यवृंद, परीक्षणं चांगली, आणि ६५ प्रयोगांत बंद. तेच नाटक २०२५ च्या ऑक्टोबरात लिंकन सेंटरला लागलं आणि मुदत वाढवली. संगीत तेच, संहिता तीच. फरक काय, तर लिंकन सेंटर ना-नफा संस्था, देणग्या आहेत, सभासद आहेत, घर हक्काचं. बाहेरच्या थिएटरमालकाला भाडं द्यायचं नाही.

मेझानिनवाला:
चला, म्हणजे उत्तर काय, दानशूर शोधा? मग मेरिली वुई रोल अलाँग काय होतं? १९८१ ला १६ प्रयोगांत आटोपलेलं नाटक, २०२३ ला व्यावसायिक रिव्हायव्हल, पैसे वसूल. हॅरी पॉटरवाला रॅडक्लिफ होता, ग्रॉफ होता आणि शेवटची तारीख ठरवून आले होते. जिप्सीवाल्यांनीही सहा महिने म्हणून सांगितलं असतं तर लोक धावले असते. ऑक्टोबरपर्यंत आहे म्हटल्यावर मीच म्हणालो, बघू उन्हाळ्यात.

तिसरी_घंटा:
म्हणजे तुम्हाला जायचं होतं!

मेझानिनवाला:
जायचं होतं असं म्हणालो नाही. बघू म्हणालो.

तिसरी_घंटा:
ठीक. तुमच्यापुरतं मान्य करते, तारीख आधी बांधायला हवी होती. उन्हाळ्यातली विक्री सुरुवातीसारखी नव्हती हेही मान्य. पण 'माल चांगला असता तर खपला असता' हे अजून मान्य नाही, त्या साहेबांनी मॅजेस्टिकचं दार तरी पाहिलंय का हे मला विचारायचंय.

एडिसनची_मावशी:
ते रॅगटाइम कुठे आहे म्हणालात? लिंकन सेंटरला वर चढायला लिफ्ट आहे ना? आणि नावं शीर्षकाच्या वर आहेत की खाली, कुणीतरी नीट बघून सांगा, यावेळी मी आधीच विचारून जाणार.

पिटातला_उंदीर:
मावशी, बदली नट लागला तर मला फोन करा. तुमचं तिकीट मी विकत घेतो.