कबड्डी, वय १७ : आता वजन टिकवायला नक्की किती खायचं?

चढाईवाली:
नमस्कार. मी मालवण तालुक्यातली, बारावीला आहे. सहावीपासून कबड्डी खेळते, चढाई करते.

आधी मागचं सांगते. किशोरी गटाला वय १६ आणि वजन ५५ किलो अशी अट असते. गेल्या वर्षी माझं त्या गटातलं शेवटचं वर्ष होतं आणि काटा अगदी काठावर. संघातून नाव जाऊ नये म्हणून जेवण तोडलं. निवड झाली, स्पर्धा झाली, पण सवय सुटली नाही. कोणी "बारीक झालीस गो" म्हटलं की बरं वाटायचं. जानेवारीपासून पाळी आलेली नाही. मे महिन्यात दुसऱ्या चढाईलाच दम तुटायला लागला, एकदा मैदानावर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा आईला सगळं सांगितलं.

जूनपासून नीट जेवते. पहिल्या दहा दिवसांतच दीड किलो वाढलं, आतापर्यंत तीन. मला ते इथेच टिकवायचंय, कमीही नको आणि जास्तही. पण भूक संपतच नाही. ताटभर भात खाऊन उठते आणि तासाभरात पोट परत रिकामं. माझ्यात काही बिघडलंय का?

माझा दिवस असा: सकाळी चहा-बटर, पावणेसातची एसटी, बाराला डबा (दोन चपात्या, भाजी), ४ ते ६ सराव, घरी साडेसात, मग आठला जेवण. आता श्रावण आहे, घरात सोमवार-शनिवार उपास असतात. मलाही धरावेसे वाटतात. त्यामागचं खरं कारण देव नाही, हे मला कळतं. म्हणून इथे विचारतेय.

वेंगुर्ल्याची मावशी:
बाय माझे, पोटाक मारून खेळ होवचो नाय. भूक लागता तर जेव. आवशीक सांगितलंस ह्या खूप बरा केलंस. बाकीचा जाणकार सांगतील.

डावा कोपरा:
मी बारा वर्षं कबड्डी खेळले, आता आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुझ्या वयात मीही हेच केलं होतं, म्हणून जरा लांब लिहिते.

तुझ्यात काही बिघडलेलं नाही. शरीर मागची बाकी वसूल करतंय. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने कमी अन्नावर ठेवून अभ्यास केला होता. पुन्हा भरपूर जेवायला मिळू लागल्यावरही त्यांच्यातल्या अनेकांची भूक कित्येक महिने भागत नव्हती. पोट भरलेलं, तरी भूक शिल्लक. तुझे तर दोनच महिने झालेत. ही भूक हळूहळू शांत होते, पण ती दाबून नाही, तिला जेवायला घालून.

पहिल्या दहा दिवसांतल्या दीड किलोला घाबरू नकोस. स्नायूंमधला साखरेचा साठा रिकामा झालेला असतो. तो भरताना एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. त्यातलं बरंचसं वजन हेच होतं.

आता "इथेच टिकवायचंय" याबद्दल. हे मला मान्य नाही. पाळी परत आलेली नाही, म्हणजे हे वजन तुझ्या शरीराने अजून पुरेसं मानलेलं नाही. घरात पैसे कमी पडले की आपण छपराचे नळे, म्हणजे कौलं, परतायचं काम पुढच्या वर्षावर ढकलतो ना, तसंच शरीर करतं. सराव करून उरलेली ऊर्जा अपुरी पडली की पाळी, हाडांची भर, रक्त ही कामं मागे ठेवतं. मग एका पावसाळ्यात घर गळायला लागतं. मला डाव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती, नुसत्या धावण्याने. खेळाडूंना ऊर्जा अपुरी पडण्याच्या या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये रेड-एस असं नाव दिलं. मुलग्यांनाही ती होते, फक्त त्यांना पाळीसारखी खूण नसते. आणि सतराव्या वर्षी तुझी हाडं अजून भरतायत. वर्षभरात थोडं वजन वाढणं हे या वयाचं टिकणंच आहे.

तीन महिने पाळी चुकली तरी डॉक्टरांना दाखवायचं असतं, तुझे सात होऊन गेलेत. या आठवड्यात आईबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि जेवण तोडलं होतंस हे स्वतःहून सांग. ते विचारतीलच असं नाही. चक्कर, छातीत धडधड किंवा पायांवर सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरावाला जायचं की थोडे दिवस थांबायचं, हेही त्यांनाच विचार.

किती खायचं? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये १६ ते १८ वयाच्या मुलींसाठी दिवसाला सुमारे २५०० कॅलरी धरल्यात, मुलग्यांसाठी ३३२०. हा आकडा मोजत बसायला देत नाहीये, मोजणं तुला आत्ता नकोच. तुझ्या आईला हे सगळं जास्त वाटलं तर तिच्यासाठी देतेय. शिवाय तो सर्वसाधारण मुलीचा आकडा आहे, रोज दोन तास दम घुमवणारीचा नाही.

ताटभर भात खूप दिसतो, पण शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पेजेत तर त्याहून जास्त. म्हणून भातावर तूप घे. काळ्या वाटाण्याची आमटी, चवळीची उसळ खोबऱ्याचं वाटण लावून भरपूर घे, कुळथाची पिठी नुसती चवीपुरती नको. दही रोज. आणि तुझा खरा खड्डा दुपारी बारा ते रात्री आठ हा आहे. सरावाआधी साडेतीनला दोन केळी आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू. सराव संपल्यावर एसटीची वाट बघताना परत काहीतरी, घरी जाईपर्यंत थांबायचं नाही. चपाती-गूळ-तुपाचा रोल पिशवीत चुरगळला तरी चालतो. सकाळी चहा-बटरऐवजी दोन आंबोळ्या आणि खोबऱ्याची चटणी, किंवा नाचणीची भाकरी आणि दूध. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. चहा जेवणाला लागून नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. श्रावण संपला की तारली, बांगडे आहेतच.

उपास आत्ता अजिबात नाही. कारण तू स्वतःच ओळखलंस आणि लिहिलंस, याचं मला फार बरं वाटलं. तो विचार पुन्हा पुन्हा येत असेल तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन कर. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि वजनकाटा आईकडे दे. पाळी, झोप, हातापायांची ऊब, दोन चढायांमध्ये श्वास किती लवकर खाली बसतो, यांवर लक्ष ठेव.

चढाईवाली:
ताई, आईला पूर्ण वाचून दाखवलं. नळ्यांचं वाचल्यावर ती गप्प झाली. एकच शंका. सरावाला सांगतात की चढाईवालीने हलकंच राहायचं. वजन वाढलं तर पाय मंद होतील का?

मैदानावरचा मास्तर:
मी रत्नागिरीकडे गेली वीस वर्षं मुलींना शिकवतो. एक चढाई ३० सेकंदांची. उपाशी मुलगी पहिल्या दोन-तीन चढायांत चपळ दिसते आणि तेवढ्यावरच आपण फसतो. दुसऱ्या सत्रात तीच मुलगी बोनस रेषेकडे बघते आणि मागे फिरते. पकडीतून सुटून मध्यरेषेवर हात टेकवायला मांडीत ताकद लागते, ती न जेवता कुठून येणार?

मीही पूर्वी स्पर्धेआधी मुलींना सगळ्यांसमोर काट्यावर उभं करायचो. एक चांगली खेळाडू त्यामुळे खेळ सोडून गेली. ते माझं चुकलं, आजही सलतं. आता काठावरची मुलगी असली की तिला वरच्या गटात खेळवतो आणि सरावाच्या पिशवीत चणे-गूळ असतो. तुझ्या सरांना आईला भेटू दे. पाळीचं बोलायला तुला अवघड वाटत असेल तर "डॉक्टरांनी जेवण वाढवायला सांगितलंय" एवढंच पुरे.

चढाईवाली:
आज डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्त तपासायला दिलंय, सोनोग्राफी शुक्रवारी आहे. रिपोर्ट येईपर्यंत धावणं बंद, मैदानावर बसून बघायला हरकत नाही म्हणाल्या. रडू आलं, पण ठीक आहे. आई सरांना परवा भेटणार आहे.

काल सोमवार होता. उपास धरला नाही. आजी काही बोलली नाही, माझ्यापुरती आमटी केली आणि समोर बसून राहिली.

आई विचारतेय, शेंगदाण्याचे लाडू एकदम किती करून ठेवायचे? इथे पाऊस थांबत नाहीये, लगेच खवट होतात.

वेंगुर्ल्याची मावशी:
दाणे खमंग भाजून घे, गूळ कोरडो बघून घे. डबो घट्ट बंद कर, ओलो हात लावू नको. धा दिवस रवतत. रोजचे तीन धरून तीस कर, आजयेक पण दी.