हलत्या सांध्यांच्या फिगर जमवणे : छंद की साठेबाजी?

गोदाकाठ, नांदेड

गेल्या आठवड्यात आमच्याकडे वास्तुशांत होती. काचेच्या कपाटातल्या माझ्या चौदा फिगर, म्हणजे सांधे हलणाऱ्या पात्रांच्या प्लास्टिकच्या छोट्या प्रतिकृती, पाहून मामा पाहुण्यांसमोर म्हणाले, "पस्तिशी आली, अजून बाहुल्या सुटल्या नाहीत का?" त्या वेळी मी गप्प राहिलो, पण विषय मनातून जात नाही म्हणून या चर्चेत मांडतो.

१९९१ साली आलेला 'स्ट्रीट फायटर २' हा मारामारीचा व्हिडिओ गेम मी शाळेत असताना वजिराबादच्या एका गेम पार्लरमध्ये खेळलो. त्या खेळात लढणारा र्‍यू जवळजवळ कायम बाजूनेच दिसतो. त्याची पाठ, त्याच्या खांद्यांचा ताण निवांतपणे पाहता येत नाही. बांदाई कंपनीच्या एस. एच. फिगुआर्ट्स या फिगर-मालिकेतला जेमतेम सहा इंचांचा र्‍यू हातात आला तेव्हा त्याला 'हाडोकेन'च्या, म्हणजे दोन्ही हात जुळवून पुढे मारा करण्याच्या, पवित्र्यात उभे करायला मला अर्धा तास लागला. दोन्ही मनगटे जुळवायची तर खांदे छातीच्या दिशेने पुढे ओढले जावे लागतात; खांदा नुसता गोल फिरणारा असेल तर हात समोर येतात, पण तळवे जुळत नाहीत. मागच्या पायाचा घोटा किंचित आत वळवून टाच पुरती टेकवली नाही, तर सगळा भार पुढे जातो आणि तो तोंडावर पडतो. इतकी वर्षे बटणे दाबून जे कळले नव्हते, ते त्या अर्ध्या तासात कळले. शोभेच्या पुतळ्यात आणि या फिगरमध्ये मला हाच फरक वाटतो: ही हाताने समजून घ्यायची वस्तू आहे. शेवटची फिगर मला सर्व खर्च धरून ७,३०० रुपयांना पडली आणि ते पैसे वाया गेले असे मला वाटत नाही.

मोंढा, लातूर

मी आडतीवर बसणारा माणूस आहे, त्यामुळे हिशेब आपोआप डोक्यात येतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. म्हणजे तुमची एक फिगर दीड क्विंटल सोयाबीनची आहे. पैसा तुमच्या कष्टाचा आहे हे मान्य आहे, म्हणून तो मुद्दा येथेच सोडतो.

माझा आक्षेप खरेदीच्या रीतीवर आहे. माझा पुतण्या याच नादात आहे. वस्तू तयार होण्याच्या कितीतरी महिने आधी नोंदणी करायची, कारण नंतर ती मिळणार नाही किंवा दुप्पट दराने मिळेल ही भीती. आणि ती आली की डबा फोडायचा नाही, कारण फोडला की किंमत उतरते. आम्ही व्यापारी भाव चढेल म्हणून माल दाबून ठेवतो तेव्हा लोक त्याला साठेबाजी म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या चौदांपैकी किती डबे अजून बंद आहेत, हे कृपया सांगावे.

गोदाकाठ, नांदेड

चार.

बालाघाट, बीड

मोंढा साहेबांच्या प्रश्नाला जोडून एक अनुभव सांगतो. मीही सात-आठ वर्षे फिगर जमवतो आणि बंद डब्यात वस्तू सुरक्षित राहते हा समज आपल्या हवेत खोटा ठरतो, असे माझे मत आहे. या फिगरचे मऊ भाग पीव्हीसीचे असतात. प्लास्टिक लवचीक राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य उष्णतेने हळूहळू पृष्ठभागावर येते आणि डब्यात हवा खेळत नसेल तर तेथेच साचते. आमचे घर पत्र्याचे आहे आणि मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. दोन वर्षांनी उघडलेल्या एका फिगरचा झगा बोटांना गुळाच्या पाकासारखा चिकटत होता. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, जुन्या मऊ ब्रशने धुऊन, सावलीत वाळवल्यावर ती ठीक झाली.

दुसरी मात्र वाचली नाही. गुडघ्याचा सांधा रंगाने घट्ट बसला होता. आधी गरम पाण्यात धरून मऊ करायचा असतो हे माहीत असूनही मी घाई केली, आणि आतली खुंटी पिळवटून तुटली. त्यामुळे माझी भूमिका अशी की फिगर घ्यावी, पण लगेच उघडावी, सर्व सांधे एकदा हलवून पाहावेत आणि पत्र्याखाली मुळीच ठेवू नये.

दुधना, परभणी

मला 'बाहुल्या' या शब्दाबद्दलच बोलायचे आहे. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक-बाहुला बाजारात आणला तेव्हा मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या धास्तीने त्याला 'अ‍ॅक्शन फिगर' हे नवे नाव दिले. गोदाकाठ दादा, मामांच्या बोलण्याने तुम्हाला जे लागले, त्याचे मूळ तेथे आहे. बाहुली म्हणजे मुलींची, आणि मुलींची म्हणजे हलकी, असे आपण सगळेच धरून चालतो. ती बाहुलीच आहे असे मोकळेपणाने म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

विरोध मात्र माझाही आहे, आणि तो वेगळ्या कारणाने. प्रौढ संग्राहकांसाठीच्या अशा अनेक फिगरच्या डब्यांवर १५ वर्षांवरील वयोगट छापलेला असतो आणि घरातल्या लहान मुलांना कपाटाजवळ फिरकू दिले जात नाही. पोळ्याला आमच्याकडे मातीचे बैल आणतात. पूजा झाली की ते मुलांच्या हाती जातात, कोणाचे शिंग मोडते, कोणाचे वशिंड झिजते, आणि मग ते पाण्यात सोडले जातात. ज्याला मुलाचा हात लागत नाही, ते खेळणे मला अर्धवट वाटते.

गोदाकाठ, नांदेड

ताई, शब्दाबद्दलचे तुमचे म्हणणे मला पटले. पण सगळीच खेळणी पाण्यात सोडली असती, तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात आज काय दिसले असते? तेथे सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती आणि बाहुल्या आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या नसत्या, तर त्यांतल्या कितीतरी केव्हाच मातीमोल झाल्या असत्या. आपल्या काळातल्या मुलांनी कोणते वीर डोक्यात वागवले, हेही कोणीतरी जपायला हवे.

मोंढा, लातूर

ही तुलना मला मान्य नाही. लामतुरे यांनी जमवले ते दुसरीकडे कोठेही मिळणार नव्हते. एक तुकडा हरवला असता तर तो कायमचा हरवला असता. तुमचा र्‍यू साच्यातून निघतो आणि तो जगभरातल्या कपाटांत उभा आहे. तो तुम्ही जपला नाही तरी काही बुडत नाही. जपण्याचे नाव घेऊन विकत घेण्याचे समर्थन करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. अर्ध्या तासात सांधे जुळवण्याची जी गोष्ट तुम्ही आरंभी लिहिली, तिच्यापुढे मात्र माझ्याकडे बोलायला काही नाही. ती मी पुतण्यालाही वाचून दाखवली. पण त्यासाठी एक फिगर पुरते. चौदा कशाला?

गोदाकाठ, नांदेड

कारण सर्वांचे सांधे सारखे नसतात. त्याच खेळातल्या चुन-लीची उंच लाथ कमरेच्या सांध्यावर तोलावी लागते, तेथे र्‍यूच्या खांद्यावर शिकलेले काही कामाला येत नाही. तरीही बंद असलेल्या चार डब्यांचे समर्थन मला करता येत नाही. बालाघाट यांनी लिहिले ते वाचून काल रात्री एक डबा उघडला. झगा अजून चिकट झालेला नाही, पण डाव्या कोपराचा सांधा जाम आहे. पाणी किती गरम असावे आणि किती वेळ धरावे, हे कोणी सांगेल का?

बालाघाट, बीड

हाताला सोसेल इतपतच गरम घ्या, उकळते मुळीच नको. दोन-तीन मिनिटे बुडवून ठेवा, मग सांध्याच्या दोन्ही बाजू अगदी जवळून धरून मागे-पुढे हलवा. पिळू नका. हलला नाही तर पुन्हा बुडवा.