स्वर्गाच्या आशेनं तुम्हाला खरंच धीर दिला का? अनुभव लिहा

धागाकर्ती

ख्रिस्ती घरात मृत्यू झाला की तासाभरात कुणीतरी म्हणतंच, "रडू नका, ते प्रभूजवळ गेले." म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ते वाक्य कानावर पडलं तेव्हा तुमचं काय झालं? धीर आला, संताप आला, की तेव्हा काहीच जाणवलं नाही आणि पुढे कधीतरी अचानक ते आत उतरलं? फक्त मरणाबद्दलच लिहा असं नाही. लांबलेलं आजारपण, युद्ध, घरदार सुटणं, कुठलाही वाईट काळ चालेल. एकच विनंती, वचनांची यादी नको. ती सगळ्यांकडे आहे. एखादं वचन उपयोगी पडलं असेल तर कसं पडलं ते लिहा. नसेल पडलं तर तेही लिहा. इथे कुणी कुणाच्या विश्वासाचं माप काढणार नाही.

रात्रपाळीची परिचारिका

मी अशा वॉर्डात काम करते जिथे लोक बरे व्हायला येत नाहीत. दुखणं आटोक्यात राहावं आणि शेवट नीट व्हावा, एवढ्यासाठी येतात. या कामाची आजची पद्धत सिसिली सॉन्डर्स यांनी घालून दिली. त्या श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते रोज दिसतं.

सोन्याच्या रस्त्यांबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. "तिकडे ती मला ओळखेल ना?" हा प्रश्न मात्र नेहमीचा.

आणखी एक लिहिते, कारण नातेवाईक ते लपवतात. जन्मभर उपासनेत पुढच्या बाकावर बसलेले लोकही घाबरतात. मग मुलगा मला बाजूला घेऊन ओशाळत सांगतो, "सिस्टर, बाबांचा विश्वास खूप पक्का होता हो." मी म्हणते, अजूनही आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूला घाम फुटला, मरणाचा हा प्याला टळावा अशी त्यानं विनवणी केली. आपण पित्याकडे जाणार हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? स्वर्गाची खात्री आणि मरणाची धास्ती एकाच खाटेवर, एकाच रात्री सोबत असतात. मॉर्फिन वेळेवर मिळालं की प्रार्थनाही नीट होते, हेही सांगून ठेवते.

एक बाप

आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना गेला. "देवाला तो जास्त आवडला" हे मी इतक्यांदा ऐकलं, की अशा देवाशी बोलायचं नाही असं मी ठरवून टाकलं. आवडलं म्हणून लहान मूल आईच्या हातातून काढून घेणारा कोण असतो? बायको उपासनेला जायची, मी बाहेर बसायचो. आत स्वर्गाची गीतं सुरू झाली की उठून चालू लागायचो.

मला परत आणलं ते लाजरच्या गोष्टीनं, आणि तेही उशिरा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू त्याच्या मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या, कबरीकडे निघालाय. थोड्याच वेळात लाजर उठून बाहेर येणार, हे त्याला माहीत आहे. तरी तो रडतो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण हे रडणं मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पुनरुत्थान पाच मिनिटांवर आलेलं असताना जर प्रभू रडतो, तर मला गप्प बसवणारे हे कोण?

तेव्हाचे आमचे पाळक शहाणे होते, घरी यायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. एकदा त्यांनी प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं सांगितलं. १५४२ मध्ये त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना त्याच्या हातात गेली. ती सुखात आहे हे मला ठाऊक आहे आणि तरीही मला इतकं दुःख होतंय याचं नवल वाटतं, अशा अर्थाचं तो बोलला होता. इतक्या ठाम माणसाला दोन्ही एकदम वाटलं, हे ऐकून छातीवरचं ओझं जरा सरकलं.

आता मी बायबलमधल्या दावीद राजाचं वाक्य धरून आहे. मूल गेल्यावर तो म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही. यातला दुसरा भाग लोक गाळतात. मला दोन्ही लागतात.

नाव नको

मला उपयोग झाला नाही. उलट नुकसान झालं.

नवरा मारायचा. आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं मला सांगितलं, सोस, तुझा मुकुट स्वर्गात ठेवलेला आहे. मी बरीच वर्षं सोसलं. शेवटी बहिणीनं बाहेर काढलं, मुकुटानं नाही. मार्क्सनं १८४४ मध्ये धर्माला अफू म्हटलं तेव्हा त्याच्यासमोर माझ्यासारखीच कुणीतरी असावी असं वाटतं. (त्याच परिच्छेदात तो धर्माला हृदयशून्य जगाचं हृदयही म्हणतो, हे मला नंतर कळलं.) मी अजून प्रार्थना करते. पण स्वर्गाचा विषय निघाला की माझे कान बंद होतात.

इतिहासाची शिक्षिका

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुम्हाला समजावायला आलेले नाही, फक्त एक जोडते.

अमेरिकेतल्या गुलामांनाही मालकांनी आणलेले उपदेशक हेच सांगत, की निमूट काम करा, बक्षीस वर मिळेल. गुलामांनी तोच स्वर्ग घेतला आणि त्याचं वेगळंच काही केलं. त्यांच्या गीतांत यार्देन नदी ओलांडायची असते, कनान या देवानं वचन दिलेल्या देशात पोचायचं असतं. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळालेले. १८५५ च्या आत्मकथनात त्यांनी स्पष्ट लिहिलंय की आमच्या गाण्यातला कनान म्हणजे नुसता स्वर्ग नव्हता, आम्हाला उत्तरेला, गुलामी नसलेल्या राज्यांत पोचायचं होतं. जिथे कुणी कुणाचा मालक नाही अशी जागा देवानं ठरवलेली आहे यावर ज्याचा विश्वास बसला, तो इथल्या मालकाला कायमचा मालक मानत नाही.

म्हणून मी आता एवढंच बघते, की स्वर्गाचं नाव कोण घेतंय. मार खाणाऱ्यानं घेतलं तर त्याला बळ येतं. मारणाऱ्याच्या बाजूनं कुणी घेतलं, तर तिथून उठून जावं.

चाकाच्या खुर्चीतून

थोडा वेगळा मुद्दा, आणि लांबणार आहे. माझे स्नायू वर्षागणिक कमजोर होत चाललेत. हा आजार बरा होत नाही. भेटायला येणारे प्रेमानं म्हणतात, "एक दिवस या शरीरातून सुटशील." मला ते ऐकवत नाही. हे शरीर म्हणजे मीच आहे. याच हातांनी मी चित्रं काढली, बहिणीच्या मुलांना खेळवलं. त्याला पिंजरा म्हटलं की अपमान झाल्यासारखं वाटतं.

मग मी वाचायला बसलो, आणि लक्षात आलं की नव्या करारात सुटकेपेक्षा पुनरुत्थानावर कितीतरी जास्त भर आहे. ख्रिस्ताबरोबर असणं हे आहेच, येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला "आजच तू माझ्याबरोबर असशील" असं वचन मिळालं. पण गोष्ट तिथे संपत नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, नगर खाली उतरतं. देव माणसांमध्ये वस्तीला येतो आणि मग डोळ्यांतलं पाणी पुसलं जातं. ३८१ मध्ये पूर्ण झालेल्या नायसीन विश्वासांगीकारातही, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीतही, शेवटी मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो असंच म्हटलंय. दर रविवारी म्हणत होतो, कधी ऐकलं नव्हतं.

आणि प्रेषित पौलाचं ते थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेलं, जे प्रत्येक दफनविधीत वाचतात. इ.स. ५० च्या सुमाराचं पत्र, नव्या करारातल्या सगळ्यांत जुन्या लिखाणांपैकी. प्रभू परत येण्याआधीच आपली माणसं मेली, आता त्यांचं काय, या काळजीत ती मंडळी होती. पौल त्यांना सांगतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असं तो कुठेही म्हणत नाही.

मला सर्वांत जास्त आधार देतात त्या उठलेल्या येशूच्या हातांवरच्या खुणा. नवं शरीर, मरण ज्याला शिवणार नाही असं, आणि तरी शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवायला जखमा आहेत. माझ्या आजाराचीही काही खूण राहील का? राहावी असं कधीकधी वाटतं. हसू नका.

दूर राहणारी

करोनाच्या काळात आई गेली. मी दुसऱ्या देशात, विमानं बंद. अंत्यविधीचा मिस्सा (कॅथलिक उपासना) मी फोनच्या पडद्यावर पाहिला, मध्येच आवाज गेला. तिची इच्छा होती बाबांच्या शेजारी पुरावं अशी, तेही जमलं नाही. नेमलेल्या जागीच पुरावं लागलं.

फादरांनी नंतर मला मोनिकेचं सांगितलं, संत ऑगस्टीनची आई. तिलाही नवऱ्याशेजारीच कबर हवी होती, तशी तयारीही केलेली. पण आफ्रिकेला घरी परतताना ३८७ साली ओस्तिया बंदरात ती आजारी पडली, आणि मुलांना म्हणाली, देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. मी दर २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आईचं नाव देते. आम्ही कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतो; इथल्या प्रोटेस्टंट मंडळींना हे पटणार नाही, ठीक आहे. मला इतकंच कळतं की आईसाठी करण्यासारखं माझ्याकडे अजून काहीतरी उरलंय.

काठावर

लिहू की नको असा विचार करत होते. मला नैराश्याचा आजार आहे. आमच्यासारख्यांसमोर स्वर्ग किती सुंदर याचं वर्णन फार जपून करा. एक काळ असा होता की मला तिकडे लवकर जावंसं वाटायचं, आणि ती श्रद्धा आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. तो आजार होता. डॉक्टर, औषधं आणि समुपदेशन यांनी मी इथे आहे.

बायबलमध्ये झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत स्वर्गाबद्दल काहीच सांगत नाही. ऊठ, खा, म्हणतो. एलीया पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खायला देतो. पौलही फिलिप्पैकरांना लिहितो की जाऊन ख्रिस्ताजवळ असणं फार बरं, पण तुमच्यासाठी राहणं जास्त गरजेचं आहे. मी या "राहण्या"पाशी थांबते. कुणाला आता असं वाटत असेल तर कृपा करून आजच कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना गाठा.

विधवा, वय साठीपुढे

माझा नवरा विश्वासणारा नव्हता. माझ्याइतका प्रामाणिक तर होताच, बहुधा जास्तच. लोक मला "पुन्हा भेट होईल" म्हणत नाहीत, गप्प होतात. ते गप्प होणं मला ऐकू येतं. तुम्ही सगळे धीर मिळाल्याचं लिहिताय, माझी मात्र याच आशेनं झोप उडते.

नाश होऊ घातलेल्या सदोम शहरासाठी अब्राहाम घासाघीस करताना देवाला विचारतो, सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? तो प्रश्न मी रोज विचारते. उत्तर आलेलं नाही.

एक बाप

बाई, माझ्याकडेही उत्तर नाही. तुमच्या नवऱ्याबद्दल लिहा ना कधीतरी, तो कसा होता ते.

धागाकर्ती

परिचारिकाताई, एक विचारू? घाबरलेल्या माणसाशी तुम्ही नेमकं काय बोलता? माझे काका आता त्या टप्प्यावर आहेत आणि रविवारी मी जाणार आहे.

रात्रपाळीची परिचारिका

आधी विचारते, कशाची भीती वाटतेय? दुखण्याची असेल तर डॉक्टरांना बोलावते. मागे राहणाऱ्यांची काळजी असेल तर त्यांनाच खोलीत बोलावून बोलायला लावते. पुढे काय असेल याची असेल, आणि त्यांना हवं असेल, तर योहानाचा चौदावा अध्याय काढते, पित्याच्या घरात पुष्कळ जागा आहेत तो. पण थोमाचं वाक्य वगळू नका. तो मध्येच म्हणतो, प्रभू, तुम्ही कुठे जाता ते आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? हे ऐकलं की आपल्याला पडलेले प्रश्नही लोक विचारू लागतात. हळू वाचा, काकांना बोलायचं असेल तर पुस्तक मिटा. आणि जाताना त्यांना ओठ ओले करायला काही लागतं का, ते तिथल्या सिस्टरला विचारून ठेवा.