क्रीट: वाय या खेपेला राहू द्या

क्रीट या ग्रीक बेटावर मुक्काम हानिया शहरात, दिवस चार, आणि यादीत बालोस, एलाफोनिसी, वाय हे तिन्ही समुद्रकिनारे? वाय सरळ खोडा. क्रीट नकाशावर चिंचोळं दिसतं, पण लांबी 260 किमीच्या आसपास आहे. हानिया पश्चिमेला, वाय पार पूर्वेच्या टोकाला. अख्खा दिवस गाडीतच जाईल. वायसारखं खजुराचं बनच बघायचं असेल तर दक्षिणेचा प्रेवेली किनारा घ्या. तिथे नदी त्या बनातून येऊन समुद्राला मिळते. मात्र पायऱ्या उतरून जावं लागतं आणि परत चढताना चांगलाच दम लागतो.

बालोसला किसामोस बंदरातून बोटीनेच जा. गाडीचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, आणि भाड्याच्या गाडीचा विमा अशा रस्त्यावर बहुतेकदा लागू नसतो.

एलाफोनिसीची वाळू फोटोतल्याइतकी गुलाबी नाही, पाण्याच्या कडेला छटा दिसते इतकंच. पण पाणी उथळ, त्यामुळे मुलं सोबत असतील तर हाच किनारा पहिला. (वाळू बाटलीत भरून आणू नका, मनाई आहे.)

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. तेव्हा कुठे जायचं ते आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघूनच ठरवा.